पुट्टीत ‘बहुधा’ चालत नाही

18 जून 1815 रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोरचा शत्रू कोणत्या रचनेत होता, आणि तुमच्या पुढ्यातल्या शेतात कोणतं पीक उभं होतं? वॉटर्लूच्या लढाईला दोन दशकं होत आली असताना हयात ब्रिटिश अधिकाऱ्यांना अशा प्रश्नांची पत्रं गेली. ती पाठवणाऱ्या लेफ्टनंट विल्यम सायबोर्नवर 1830 मध्ये या रणभूमीची प्रतिकृती उभारण्याचं काम सोपवलं गेलं होतं. त्यासाठी त्याने ला हे सॅन्त या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून जमिनीची मोजणी केली. इतिहासकाराला पिकाचा प्रश्न टाळता येतो. ‘पलटण शेतातून पुढे सरकली’ एवढं लिहिलं की भागतं. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र त्या जागी काहीतरी लावावंच लागतं. राय हे धान्य उभं असेल तर शिपाई छातीपर्यंत झाकला जाणार, तुडवलेलं असेल तर त्याचे बूटही दाखवावे लागणार. युद्धदृश्यांसाठी छोटे सैनिक घडवण्याच्या कलेकडे छंद म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते ती पुराव्याची एक कठोर परीक्षा आहे, आणि ती कठोर असण्याचं कारण अगदी साधं आहे: हातातल्या वस्तूत संदिग्धपणा कोरता येत नाही.

सायबोर्नची प्रतिकृती 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडली गेली आणि सुमारे एक लाख लोकांनी ती तिकीट काढून पाहिली. आज ती चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. एका मैलाला नऊ फूट या प्रमाणात जमीन, आणि तिच्यावर कथील-शिशाचे 70 हजारांहून अधिक सैनिक. या प्रमाणात माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा व्हायला हवा; सायबोर्नचे शिपाई त्याहून बरेच उंच आहेत, नाहीतर ते दिसलेच नसते. हीच तडजोड आजच्या कारागिरालाही करावी लागते. 28 मिलिमीटरच्या मूर्तीत बंदुकीची नळी खऱ्या प्रमाणात ठेवली तर ती जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची होईल. साच्यात धातू तिथवर पोचणार नाही, पोचलाच तर बोट लागताच नळी वाकेल. म्हणून नळी जाड, पंजे मोठे, चेहऱ्याच्या खाचा खोल. म्हणजे नेमकेपणाचा अर्थ इथे मोजपट्टीशी इमान राखणं असा होत नाही. काय फुगवायचं आणि काय सोडायचं, हे जाणून ठरवणं हा खरा नेमकेपणा.

मूळ मूर्ती घडते ती तारेच्या सांगाड्यावर, दोन भाग मळून तयार होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने. नळ गळला की आपण लावतो त्या एम-सीलच्याच कुळातली ही वस्तू. निळी आणि पिवळी पट्टी मळून हिरवी झाली की काही तासांत ती घट्ट होते, म्हणून काम थरांत चालतं: आधी शरीराचा गाभा, तो कडक झाल्यावर अंगरखा, मग पट्टे, सर्वांत शेवटी चेहरा. पक्की झालेली मूर्ती रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून उष्णता आणि दाब दिला की साचा तयार होतो. हा साचा गरागरा फिरवत त्यात वितळलेला धातू ओतला की एकसारखे शिपाई बाहेर पडू लागतात. या कामात ॲलन आणि मायकल पेरी या इंग्लिश जुळ्या भावांचं नाव मोठं आहे. 1996 मध्ये फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा प्रयोग सादर होत असताना तोफेच्या अपघातात मायकलने उजवा हात गमावला. उजव्या हाताने कोरणाऱ्या या माणसाने पुढे डाव्या हाताने कोरायला शिकून तेच काम चालू ठेवलं. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या ग्रेट वॉर एक्झिबिशनमध्ये 2015 साली गॅलिपोलीतल्या चुनुक बेअरच्या लढाईचं दृश्य उभं राहिलं. त्यातल्या 54 मिलिमीटरच्या सुमारे पाच हजार सैनिकांमागे याच भावांची कला होती, आणि ते रंगवले स्वयंसेवकांनी.

पण साचा जे देतो ते पुनरावृत्तीच्या रूपात देतो, आणि लढाई कवायतीच्या मैदानावर होत नाही. इथून पुढचं काम कन्व्हर्जनचं. तयार मूर्तीचं डोकं कापून दुसरं बसवायचं, सांध्यात बारीक भोक पाडून तारेची खीळ घालायची, उरलेली फट पुट्टीने भरायची. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी अडचण खांद्यात आहे. चालणाऱ्या शिपायाला बंदूक भरणारा करायचं तर हात नुसता वर चिकटवून भागत नाही. हात उचलला की कोटाची कड वर ओढली जाते, छातीवरचा पट्टा सरकतो, काखेतल्या चुण्यांची दिशा बदलते, काडतुसांची पेटी कमरेवर फिरते आणि शरीराचा भार एका पायावर जातो. एक सांधा बदलला की साऱ्या मूर्तीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो मांडताना पेटी कोणत्या बाजूला असायची, काडतूस दातांनी फोडायचे की हातांनी, गज कुठून काढायचे, हे सारं माहीत असावं लागतं. सायबोर्नने केलेली वॉटर्लूची दुसरी, मोठ्या प्रमाणातली प्रतिकृती आज लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे. तिच्यात घोडदळाचा हल्ला दाखवला आहे. अशा झुंबडीत एक मूर्ती शेजारच्या मूर्तीसारखी दिसली तरी दृश्य खोटं पडतं.

या साऱ्यावर सर्वांत जड आक्षेप वॉटर्लूला ब्रिटिश बाजूचा सेनापती असलेल्या खुद्द वेलिंग्टनच्या ड्यूकचा. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईतल्या लहानमोठ्या घटना लोकांना आठवतात, पण त्या कोणत्या क्रमाने आणि नेमक्या कोणत्या क्षणी घडल्या हे कुणालाच सांगता येत नाही, असं त्याचं मत होतं. मग एकाच क्षणाची प्रतिकृती खरी कशी असेल? आक्षेप रास्त आहे, पण तो लिखित इतिहासालाही तितकाच लागू पडतो. फरक इतकाच, की लेखकाची निवड वाक्यांच्या ओघात लपते आणि प्रतिकृतीतली उघड्यावर राहते. सायबोर्नच्या मांडणीत मित्रपक्ष प्रशियाची फौज फार मोठी आणि फार पुढे दिसते, हा ड्यूकच्या बाजूचा खरा सल होता. विजयातला वाटा तिच्याकडे जात होता. पुढे प्रशियाच्या हजारो आकृत्या प्रतिकृतीवरून उचलल्या गेल्या. इतिहासकार पीटर हॉफश्रोअर यांच्या मते हा दबावाचा परिणाम. सायबोर्नने नव्या पुराव्यावरून स्वतःच दुरुस्ती केली असं मानणारेही आहेत. दोन्हींपैकी काहीही खरं असो, वाद झाला तो आकृत्या मोजता येत होत्या म्हणून. दुसरा आक्षेप असा, की या कलेत बटणांची पूजा होते आणि रक्त दिसत नाही. काही अंशी ते खरं आहे. मात्र त्याला उपायही कन्व्हर्जनच देतं: कोसळणारा, घोड्याखाली सापडलेला, पाठ फिरवून पळणारा शिपाई फारसा तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो.

खरी अडचण इथेच सुरू होते. कोणत्या लढाया मांडल्या जातील हे बाजारात कोणत्या मूर्ती मिळतात यावर ठरतं. वॉटर्लूचा जवळजवळ प्रत्येक गणवेश विकत मिळतो. असईचं दृश्य मांडायचं तर मराठी बाजू बहुतांशी स्वतःच घडवावी लागेल. त्या लढाईत शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी तोफा शत्रूच्या पाठीवर वळवल्या. ही हकीकत इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेली आहे. अशा एका गोलंदाजाच्या मूर्तीसाठी किती प्रश्न सोडवावे लागतील पाहा. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या पलटणींना युरोपीय कवायत होती, पण गोलंदाजाच्या अंगावर काय होतं? डोक्याला काय? तोफ वळवायला किती माणसं लागत, आणि कुठे हात घालत? शस्त्रं संग्रहालयांत सापडतात. सामान्य गोलंदाजाचा अंगरखा, पादत्राणं, पट्टा सापडत नाहीत. चित्रं आहेत ती बहुतेक सरदारांची. म्हणजे ज्या सैन्याबद्दल पुरावा विरळ, त्याच सैन्याचा कारागीर सर्वांत जास्त अंदाज बांधणार, आणि पाहणारा तो अंदाज वस्तुस्थिती समजून घरी नेणार.

माध्यमाच्या अडचणी वेगळ्याच. शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या मूर्ती बंद लाकडी कपाटात ठेवल्या की लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने झिजतात. अंगावर पांढरी भुकटी धरते आणि चेहरा उरत नाही. पैशाचं गणितही जुनंच: सरकारने 1833 मध्ये हात आखडता घेतल्यावर सायबोर्न कर्जात बुडाला आणि 1849 मध्ये मरेपर्यंत त्यातून धड सावरला नाही. आता संगणकावर मूर्ती घडवून छापता येते, खांदा पडद्यावर फिरवता येतो आणि चुण्याही पुन्हा आखता येतात. यामुळे असईचा गोलंदाज कमी खर्चात शक्य होईल, हे मान्य. मात्र सोपेपणाबरोबर जुना अडथळाही जातो. पुट्टी वाळण्याआधी कारागिराला पट्ट्याची जागा शोधायला पुस्तकाकडे धाव घ्यावी लागे. फाइल कुणाच्याही चुकीसकट हजार जागी छापली जाते. म्हणून अशा दृश्याशेजारी कोणती मूर्ती पुराव्यावर उभी आहे आणि कोणती तर्कावर, हे सांगणारी पाटी लावायला हवी. पुट्टीत ‘बहुधा’ चालत नसेल, तर ते पाटीवर तरी लिहिलं पाहिजे.