पत कमावणारा दिग्दर्शक

‘पत’ हा दोन अक्षरी शब्द बँकेच्या व्यवहारात जितका मोलाचा, तितकाच तो चित्रपटसृष्टीतही मोलाचा असतो. चित्रपटाची कल्पना दिग्दर्शकाची असली तरी पैसा बहुधा दुसऱ्याचा असतो. हा माणूस ठरल्या वेळेत व ठरल्या रकमेत काम पुरे करील, असा विश्वास वाटला तरच चित्रसंस्था त्याच्यासाठी थैली मोकळी करते. अभिनेता म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शक म्हणून मिळवलेले स्वातंत्र्य अशाच विश्वासावर उभे राहिले.

ईस्टवूड यांचा जन्म ३१ मे १९३० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तो महामंदीचा काळ होता. वडिलांना कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात गावोगाव फिरावे लागे आणि कुटुंबाचे बिऱ्हाड त्यांच्यामागून हलत असे. तरुणपणी युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने त्यांना करारावर घेतले खरे, परंतु किरकोळ भूमिकांपलीकडे काही हाती लागले नाही आणि करारही संपुष्टात आला. १९५९ साली ‘रॉहाइड’ या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना स्थैर्य दिले. गुराख्यांच्या त्या मालिकेत काम करता करता कॅमेऱ्यामागील व्यवहाराकडेही त्यांचे बारीक लक्ष असे. त्या मालिकेचा एखादा भाग दिग्दर्शित करण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली.

मालिकेच्या सुटीत, १९६४ साली, सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’साठी ते स्पेनला गेले. मोबदला होता पंधरा हजार डॉलर. त्या चित्रपटाने व त्याच्या पुढील दोन भागांनी त्यांना तारांकित केले. या यशानंतर ऐषआरामात न रमता त्यांनी १९६७ साली ‘मालपासो’ ही स्वतःची निर्मितीसंस्था स्थापन केली.

दिग्दर्शनाची पहिली संधी १९७१ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आली. चित्रपट होता ‘प्ले मिस्टी फॉर मी’. रेडिओवरील एका निवेदकाच्या मागे लागलेल्या विकारी चाहतीची ती कथा. युनिव्हर्सलने अनुमती दिली, परंतु दिग्दर्शनाचे वेगळे मानधन नाही, नफ्यात हिस्सा तेवढा मिळेल, या अटीवर. जोखीम ईस्टवूड यांच्याही अंगावर आली. त्यांनी खर्चिक सेट न उभारता कार्मेल परिसरातील खऱ्या घरांत व रस्त्यांवर चित्रीकरण केले. त्यांचे गुरुतुल्य दिग्दर्शक डॉन सीगल यांनी मद्यालयातील सेवकाची छोटी भूमिका करून पाठबळ दिले. दहा लाख डॉलरच्या आतबाहेरचे हे काम मुदतीपूर्वी आणि अंदाजपत्रकाच्या आत पूर्ण झाले. येथूनच त्यांची पत तयार होऊ लागली.

पुढे हीच त्यांची कार्यपद्धती ठरली. तेच ते विश्वासू सहकारी, पूर्ण तयारीनिशी सुरुवात आणि एकेका दृश्याचे मोजकेच टेक. मोठ्या आवाजातील आज्ञेने घोडे बिथरतात, हा ‘रॉहाइड’मधील अनुभव लक्षात ठेवून ते चित्रीकरणाचा प्रारंभही हलक्या स्वरात करीत. या वेगाची किंमतही कधी मोजावी लागली. ‘अमेरिकन स्नायपर’ (२०१४) मध्ये तान्ह्या बाळाऐवजी वापरलेली बाहुली प्रेक्षकांच्या नजरेतून सुटली नाही आणि तिची थट्टाही झाली. त्या चित्रपटाने जगभरात पन्नास कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, ही गोष्ट वेगळी.

तथापि घाई हा त्यांचा स्वभाव नव्हे. ‘अनफरगिव्हन’ची संहिता हाती आल्यावर, त्यातील थकलेल्या बंदूकबाजाला शोभेल असे वय होईपर्यंत त्यांनी ती अनेक वर्षे जपून ठेवली. १९९२ साली आलेल्या या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन या दोन्ही विभागांत ऑस्कर मिळवले. आपल्या दोन गुरूंना, लिओनी व सीगल यांना, त्यांनी तो अर्पण केला.

एवढे होऊनही पत एकदा कमावली की संपले, असे नसते. ‘मिलियन डॉलर बेबी’ या मुष्टियोद्ध्या तरुणीच्या शोककथेवर पैसा लावण्यास वॉर्नर ब्रदर्स ही त्यांची नेहमीची चित्रसंस्थाही कचरत होती. अखेर लेकशोर ही दुसरी संस्था खर्चात सहभागी झाली आणि सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये, अवघ्या सदतीस दिवसांत चित्रीकरण उरकले. २००४ सालच्या या चित्रपटास चार ऑस्कर लाभले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ईस्टवूड हे दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवणारे सर्वांत वयस्कर दिग्दर्शक ठरले. या विश्वासाच्या बळावरच २००६ साली, दुसऱ्या महायुद्धातील एका लढाईची कथा जपानी सैनिकांच्या बाजूने, तीही प्रामुख्याने जपानी भाषेत, ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ मधून सांगण्याचे धाडस त्यांना करता आले.

२०२४ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा ‘ज्युरर नंबर टू’ प्रदर्शित झाला. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. दुसऱ्याचा पैसा जपून वापरणाऱ्याला पुढे स्वतःच्या मनासारखे काम करण्याची मुभा मिळते, हे या दीर्घ वाटचालीने दाखवून दिले. वेळेवर फेडलेल्या प्रत्येक हप्त्यानेही नेमके हेच साधते.