सांधा आणि लेप : फायबरच्या जुन्या मोटारहोडीची घरगुती दुरुस्ती

मराठीतील नौकाविषयक शब्दसंग्रह जुना व समृद्ध आहे; परंतु तो लाकडी होडीचा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नाळ, पठाण, सुकाणू, डोलकाठी ही सारी सुट्या अवयवांची नावे होत. लाकडी होडी अवयव जोडून तयार होते आणि बिघडते तीही बहुधा जोडातच. यामुळे तिच्या दुरुस्तीचा मुख्य शब्दही सांध्याशी निगडित आहे. फळ्यांच्या फटींत कापूस किंवा काथ्या ठोकून वर राळ-तेलाचा लेप देणे म्हणजे कलाफत. या शब्दाचे भाऊबंद अरबीत आणि भूमध्यसागराच्या काठच्या भाषांत आढळतात. खलाशांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर रुळला. कलाफत करणाऱ्यास दोष कोठे शोधावा हे कोणी सांगावे लागत नाही. फट त्याला दिसते.

ज्या होडीस सांधाच नाही, तिच्या बाबतीत हा शब्दसंग्रह निरुपयोगी ठरतो. काचेचे बारीक तंतू कृत्रिम राळेत भिजवून साच्यावर थरावर थर बसविणे ही पद्धती अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात शक्य झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लहान होड्यांच्या बांधणीत तिचा प्रसार झाला. अशा होडीचे सबंध अंग एकच कवच असते. मराठीत तिला सरसकट ‘फायबरची होडी’ म्हणतात. हे नाव सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण त्यात तंतूचा उल्लेख आहे, तंतूंना धरून ठेवणाऱ्या राळेचा नाही. शिवाय फायबर म्हणजे न कुजणारा पदार्थ, अशी समजूत या नावाबरोबर रूढ झाली आहे. जुनी मोटारहोडी घरी दुरुस्त करू पाहणाऱ्याचा पहिला शत्रू ही समजूत होय.

नाशिकमधील सातपूर हे समुद्रापासून दूर असलेले औद्योगिक उपनगर. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे त्याचे रूप पालटले. होडीचा येथे काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु गोदावरीवरील गंगापूर धरणाचा जलाशय येथून जवळ आहे, आणि यंत्रकाम जाणणारे हातही येथे आहेत. सातपुरातील एखाद्या घराच्या अंगणात सुमारे ५ मीटर लांबीची, तीसेक वर्षांची मोटारहोडी ताडपत्रीखाली पडून आहे, अशी कल्पना करावी. बाहेरून रंग उडालेला, तळाशी दोन-तीन ओरखडे, मागे बसवावयाचे आउटबोर्ड इंजिन बाजूला काढून ठेवलेले. घरच्या मंडळींचा पहिला विचार असा की, ओरखडे पुट्टीने भरावेत, रंग द्यावा आणि येत्या हंगामात होडी पाण्यात घालावी. याच विचारात धोका आहे.

कारण, ज्याला फायबरची होडी म्हणतात तिच्या पोटात पुष्कळदा लाकूड दडलेले असते. मागची उभी भिंत, जिला कारागीर इंग्रजीतून आलेल्या ‘ट्रान्सम’ या नावाने ओळखतात, ती बहुतेक जुन्या होड्यांत प्लायवूडची असून तिच्यावर दोन्ही बाजूंनी काचतंतूंचे थर दिलेले असतात. तळातील लांबट आधारपट्ट्यांतही असेच लाकूड असते. इंजिनाचे बोल्ट या भिंतीला आरपार छेदतात. छिद्राच्या कडांची भरण एकदा निखळली की पाणी आत जाते. वरचे कवच त्याला बाहेर येऊ देत नाही. लाकडी होडीचे लाकूड उघडे असल्याने वाळू तरी शकते. येथे ते बाटलीत घालून बूच मारल्यासारखे कुजते. वरून सारे गुळगुळीत दिसत असते. अशा भिंतीला इंजिन जोडून पूर्ण वेगाने होडी हाकली, तर भिंत फुटून इंजिनासह सुटण्याचा संभव असतो, आणि तो प्रसंग ओढवतो तो बहुधा काठापासून लांब.

म्हणून परीक्षा डोळ्यांनी नव्हे, कानांनी करावी लागते. प्लास्टिकच्या तोंडाची लहान हातोडी घेऊन सर्व अंगावर बोटा-बोटाच्या अंतराने ठोकावे. निरोगी भाग टणक, स्वच्छ आवाज देतो. थर सुटले असतील किंवा गाभा कुजला असेल तेथे आवाज बद्द येतो. फुटलेले मडके वाजवून ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला ही विद्या नवी नाही. संशय असेल तेथे आतल्या बाजूने लहानसे छिद्र पाडून निघणारा भुसा पाहावा : कोरडा व फिकट असेल तर ठीक, काळसर, ओला व आंबूस वासाचा असेल तर आत लाकूड उरलेले नाही असे समजावे. दुसरी कसोटी वजनाची. तळाखाली भरलेला तरंगता फेस जुना झाला की पाणी शोषतो, आणि प्रत्येक लिटर पाणी एक किलो भार वाढविते. औद्योगिक वसाहतीत वाहनांचे वजनकाटे असतातच. तेथे होडी गाडीसह तोलावी, मग गाडी निराळी तोलावी. मूळ वजनाहून मोठा फरक निघाला तर फेस उकरून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

यानंतर येते ते वाळविणे, आणि घाईने हेच काम सर्वांत अधिक बिघडते. नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा. तेव्हा कुजका भाग ऑक्टोबरात उघडा करावा, हिवाळाभर छपराखाली वारा लागू द्यावा, आणि थर देण्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती घ्यावे. या क्रमाला रसायनशास्त्राचा आधार आहे. पॉलिएस्टर रेझिन सुमारे १५ अंश सेल्सिअसखाली नीट घट्ट होत नाही, आणि नाशिकच्या थंडीत रात्रीचा पारा पुष्कळदा १० अंशांच्या आसपास उतरतो. उलट मे महिन्याच्या दुपारी तेच मिश्रण ब्रशला लागण्यापूर्वीच डब्यात गोठू लागते व तापते.

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. मराठीत दुरुस्तीची क्रियापदे निरनिराळी आहेत : लाकूड सांधतात, धातूला डाख देतात, कापडाला ठिगळ लावतात. फायबरच्या दुरुस्तीचे वर्णन करताना तिसरा शब्द सर्वांत आधी सुचतो, आणि तोच सर्वांत फसवा आहे. ठिगळ टाक्यांनी धरून राहते. येथे टाके नाहीत. होडी प्रथम बांधली जात असताना एका थराची राळ पुरती मुरण्यापूर्वी दुसरा थर बसतो, त्यामुळे दोहोंत रासायनिक बंध जुळतो. तीस वर्षांपूर्वी मुरलेल्या कवचाशी नव्या पॉलिएस्टरचा असा बंध फारसा जुळत नाही. नवा थर जुन्याला केवळ चिकटतो, आणि तेही जुना पृष्ठभाग स्वच्छ व खरखरीत असेल तरच. तेव्हा दुरुस्तीचे सारे सामर्थ्य चिकटण्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते. भोकाच्या कडा सरळ कापून त्यात तुकडा बसविला तर चिकटण्यास केवळ कवचाच्या जाडीएवढी कड मिळते. याउलट कडा उतरत्या घासून उथळ बशीसारखा आकार दिला तर क्षेत्र अनेक पटींनी वाढते. १ ला १२ हे उताराचे रूढ प्रमाण होय. कवच ५ मिलिमीटर जाड असल्यास भोकाच्या चहूबाजूंनी ६० मिलिमीटर भाग घासावा लागतो. हाताएवढ्या भोकासाठी परातीएवढा खड्डा करावयाचा, हे नवशिक्याला पटत नाही. होडी दुरुस्त करण्याऐवजी आपण ती अधिक मोडीत आहो असे त्याला वाटते. पुट्टी मारून मोकळे होण्याचा मोह येथेच होतो. पुट्टीत लांब तंतू नसतात. ती खाच भरते, भार वाहत नाही.

पाण्याखालील भागास व ट्रान्समला इपॉक्सी वापरणे अधिक हितावह. ती महाग असली तरी जुन्या पृष्ठभागास पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ घट्ट धरते. ट्रान्समसाठी कुजका गाभा संपूर्ण खरवडून, भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड कापून, त्याच्या कडांना व प्रत्येक छिद्राच्या आतल्या अंगाला इपॉक्सी पाजून मगच ते बसवावे. लाकूड हा वस्तुतः दोष नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेचे अंग लाकडी गाभा व आतबाहेर काचतंतूंचे थर असेच आहे, आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोरडा राहिलेला गाभा सामर्थ्य देतो. भिजलेला गाभा घात करतो.

पॉलिएस्टरच्या कामात मिश्रणाचे तोलमाप काटेकोर असावे. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची मॅट भिजविण्यास सुमारे एक किलो रेझिन लागते व घट्ट झाल्यावर तिची जाडी साधारण १ मिलिमीटर भरते. अर्थात ५ मिलिमीटरच्या कवचास पाच थर. कॅटलिस्टचे प्रमाण सामान्यतः १ ते २ टक्के. बाजारात रेझिनसोबत कोबाल्टचा त्वरक निराळा मिळतो. तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि नंतरच कॅटलिस्ट घालावे. हे दोन द्रव परस्परांत थेट मिसळल्यास भडका किंवा स्फोट होतो. त्यांच्या बाटल्या एका फळीवरही ठेवू नयेत. काचेच्या भुशासाठी व स्टायरिनच्या वाफांसाठी योग्य मुखवटा, हातमोजे व चष्मा हवा. साधा रुमाल बांधणे म्हणजे काहीच न बांधणे. हे काम स्वयंपाकघराच्या खिडकीखाली करू नये.

बाहेरचा रंगीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, त्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. त्यावर पाण्याने भरलेले फोड असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर पाणी थरांत शिरले आहे. असे फोड घासून काढून, वाळवून मग इपॉक्सीने भरावेत. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट बहुधा नीट मुरत नाही, म्हणून तेथे रंगच द्यावा. घरोघर सर्वाधिक वेळ व पैसा या रंगावर खर्च होतो, हे मात्र खरे.

इंजिनाची गोष्ट निराळी; ते उघडता येते आणि त्याचे दोष लपून राहत नाहीत. खालच्या दंतचक्रांच्या पेटीतील तेल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. पाणी खेचणारे रबरी चक्र पडून राहिल्याने वाकते. ते न पाहता बदलावे. जुनी दोन-धावी इंजिने इंधनातील तेलाचा काही भाग न जाळताच पाण्यात सोडतात. गंगापूरच्या जलाशयातून नाशिक शहरास पिण्याचे पाणी मिळते, तेव्हा इंजिनाची निवड हा केवळ मालकाच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. जलाशयात होडी घालण्यास पाटबंधाऱ्यांचे काम पाहणाऱ्या खात्याची अनुमती लागते. आणि अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये यंत्रचलित नौकेची पाहणी व नोंदणीही व्हावी लागते.

पाण्यात उतरविण्यापूर्वी एक परीक्षा अंगणातच करता येते. इंजिन बसवावे, एकाने त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्सम व तळ यांच्या कोपऱ्याशी डोळा लावावा. कोपरा तिळमात्र हलता कामा नये. त्यानंतर होडीत नळीने वीतभर पाणी भरून ती रात्रभर ठेवावी व सकाळी बाहेरून ओल शोधावी. मात्र खालचे टेकू आधी वाढवून घ्यावेत, कारण ५ मीटरच्या होडीत वीतभर पाण्याचा भार टनाच्या घरात जातो. कोठे थेंब दिसल्यास तेथे खडूने खूण करावी आणि पाणी काढून टाकून हातोडी पुन्हा हाती घ्यावी.