यांत्रिक मुनीम निवडताना

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा झाला म्हणजे आपण त्याचा हिशेब पाहतो, सचोटीची चौकशी करतो. परंतु तेच काम संगणकाकडे सोपविताना आपले पुष्कळ व्यापारी बंधू पहिल्या जाहिरातीवरच विसंबतात. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह येथे योजिला आहे.

संकेतस्थळावर ग्राहकाची मागणी आली की तिची नोंद व्हावी, बीजक तयार व्हावे, गोदामास सूचना जावी व ग्राहकास पोच मिळावी, ही चार कामे ओळीने आपोआप घडविणाऱ्या सेवा आज उपलब्ध आहेत. त्यांसाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. पडद्यावर चौकटी जोडल्या की काम भागते. त्यांपैकी तीन विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत २०११ साली निघालेली झॅपियर ही एक. प्राग येथे जन्मलेली व २०२२ साली इंटिग्रोमॅट हे नाव टाकून मेक झालेली ही दुसरी. आणि २०१९ साली बर्लिन येथे सुरू झालेली एन-एट-एन ही तिसरी.

तिघींचे कार्य वरवर सारखेच दिसते. भेद आहे तो मापात. महिन्यास एक हजार मागण्या येतात असे धरू. झॅपियर मागणी आल्याची वर्दी मोजत नाही, परंतु पुढील प्रत्येक कृती मोजते. म्हणजे ४००० कामे झाली. मेक नवी मागणी पाहण्यासाठी घातलेली फेरीही मोजते, मग ती रिकाम्या हाताने परतली तरी. दर १५ मिनिटांस एक फेरी धरल्यास ३० दिवसांत २८८० फेऱ्या होतात. त्यांत ४००० मिळविता ६८८०. मागणी येताच वर्दी देणारी जोडणी असल्यास हाच आकडा ५००० वर येतो. एन-एट-एनच्या भाड्याच्या सेवेत आरंभापासून अखेरपर्यंतची एक धाव हेच माप असल्याने १००० धावा भरतात. अर्थात मोठा आकडा म्हणजे महाग सौदा नव्हे; मेकचे एकक झॅपियरच्या मानाने बरेच स्वस्त असते. म्हणून आपल्या पेढीचा आकडा काढावा, त्यास त्या त्या दराने गुणावे आणि मगच तुलना करावी.

एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवरही बसविता येते. अंतर्गत कामकाजासाठी तिच्या सामुदायिक आवृत्तीस परवाना-शुल्क पडत नाही व नोंदी आपल्या ताब्यात राहतात. परंतु नोंदींची प्रत राखणे, सुधारणा बसविणे व सुरक्षितता सांभाळणे हा भार आपणावर येतो. जाणता माणूस पदरी नसेल तर हे फुकट महाग पडते.

शेवटचा प्रश्न चुकीचा. कोणी परवलीचा शब्द बदलला की जोडणी तुटते व साखळी मध्येच थांबते. ती घाईने पुन्हा चालविली तर एकाच मागणीची दोन बीजके निघू शकतात. ग्राहकाचा विश्वास अशा वेळीच ढळतो. यास्तव बिघाडाची सूचना कोणास मिळते, अडलेली मागणी पुढे कशी न्यावयाची, हे प्रथम १० मागण्यांवर पारखून पाहावे. एका सेवेत रचलेली साखळी दुसरीत जशीच्या तशी नेता येत नाही. म्हणून तिचे टप्पे वहीत लिहून ठेवावेत.

आणि कोणतीही सेवा निवडली तरी रोज सायंकाळी मागण्या व बीजके यांचा मेळ एका माणसाने घालावा. यंत्राने कष्ट वाचतात; जबाबदारी मात्र पेढीचीच राहते.