लांबी हौद्याची, गुडघे आपले : डबल केबिन पिकअपच्या मागच्या सीटबद्दल

पेण तालुक्याला पिकअप नवी नाही. आषाढ लागला की हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांबाहेर पिकअपच्या रांगा लागतात आणि भाताच्या पेंढ्यात बसवलेले गणपती मुंबई-पुण्याकडे निघतात. रोह्याकडे धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराची माणसं आणि हत्यारं एकाच गाडीतून पोचतात. नवी आहे ती हौस. कामाची गाडी आणि घरची गाडी वेगळी कशाला, एक डबल केबिन घेतली की माल हौद्यात आणि मंडळी मागच्या सीटवर, असा हिशेब आता घरोघरी मांडला जातो. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धाची क्रू केबिन ही कष्टाची जात, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स ही हौसेची. चौघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण मागच्या सीटबद्दलचे गैरसमज मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखेच आले आहेत.

पहिला गैरसमज लांबीचा. 'एवढी लांबलचक गाडी, मागे पाय पसरून बसता येईल.' हायलक्सची लांबी ५३२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास साडेसतरा फूट. इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे दोन फुटांनी आखूड, आणि तरी तिच्यात सीटच्या तीन रांगा बसतात. हायलक्समध्ये दोनच. मधले फूट कुठे गेले? हौद्यात. डबल केबिनचा हौदा साधारण पाच फुटांचा. तो वजा केला की बॉनेटसकट उरतात साडेबारा फूट, आणि मारुती स्विफ्टची अख्खी लांबीच ३८६० मिलिमीटर, म्हणजे साडेबारा फुटांच्या थोडी वर आहे. शिवाय पिकअपचं बॉनेट स्विफ्टपेक्षा मोठं. मग माणसांच्या वाट्याला काय आलं, ते गाडीच्या एकूण लांबीवरून कळणारच नाही.

यातही खरी अडचण आडव्या मापापेक्षा उभ्या मापात आहे, आणि शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. पिकअपच्या मागच्या सीटची पाठ केबिनच्या पत्र्याला टेकलेली असते. पत्र्यामागे लगेच हौदा. पाठ मागे कलायला जागाच नाही, म्हणून ती बाकासारखी ताठ होते. शिडीसारख्या चॅसीवर केबिन बसवलेली असल्याने पायाखालची जमीनही उंच असते. छत त्या प्रमाणात वर नेलं तर गाडी बेढब दिसेल आणि वळणावर झुकेल, म्हणून सीटच खाली ठेवली जाते. बसणाऱ्याचे गुडघे त्यामुळे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. पेणहून वडखळपर्यंत हे जाणवत नाही. कोलाड येईपर्यंत माणूस कूस बदलायला लागतो. गुडघा पुढच्या सीटला लागत नाही म्हणून गाडी ऐसपैस, असं मानणाऱ्यांनी मांडीखाली हात घालून बघावा. तिथे सहज हात जात असेल तर लांबच्या प्रवासाला ती सीट नाही.

'हायलक्स म्हणजे हौदा लावलेली फॉर्च्युनर,' हे वाक्यही फार फिरतं. दोन्ही गाड्या टोयोटाच्या आयएमव्ही या एकाच कुळातल्या, हे खरं. पण फॉर्च्युनरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २७४५ मिलिमीटर आहे आणि हायलक्समध्ये ते ३०८५ आहे. हे वाढलेले ३४० मिलिमीटर प्रवाशाच्या पायांना मिळालेले नाहीत. हौद्यातलं वजन दोन चाकांच्या मध्ये नीट पेलावं म्हणून मागची चाकं आणखी मागे नेली आहेत. दुसरा फरक गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, हायलक्सला पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. एका चॅसीवरून दोन स्वभावांच्या गाड्या काढणं आपल्याकडे जुनंच आहे. पुण्यात टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ ही पिकअप आणली आणि तिच्याच पायावर १९९१ ची सिएरा आणि १९९४ ची सुमो उभी राहिली. कोकणातल्या कित्येक वऱ्हाडांनी ज्या सुमोतून प्रवास केला, ती मुळात पिकअपची लेक. पण लेकीला माणसांसाठी घडवलं गेलं होतं.

आता धक्क्यांकडे येऊ, कारण तक्रारी सगळ्यात जास्त त्यांच्याच. लोकांची समजूत अशी की मागची सीट चाकावर असते म्हणून आदळते. इनोव्हाच्या तिसऱ्या रांगेबद्दल ते बरोबर आहे, पिकअपबद्दल नाही. पिकअपचं मागचं चाक हौद्याखाली असतं आणि केबिन त्याच्या बरीच पुढे. आदळण्याचं कारण पाट्यांमध्ये आहे. बोलेरो कॅम्परसारखी गाडी एक टन माल वाहण्यासाठी बांधलेली असते, म्हणजे पाटे त्या टनाच्या हिशेबाने घातलेले. हौदा रिकामा असला की त्यांना दाबायला काहीच नसतं. केबिनमध्ये पाच जाडजूड माणसं बसवली तरी फारसं साधत नाही. त्यांचं वजन दोन्ही चाकांच्या मध्ये पडतं, बराचसा भार पुढची चाकं घेतात आणि मागचे पाटे ताठच राहतात.

माणसांसाठी बनवलेली मोटार खड्ड्यावरून गेली की सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. रिकामी पिकअप त्याहून झपाझप उडते, शिवाय पाट्यांच्या एकमेकांवरच्या घर्षणामुळे बारीक थरथर वर तशीच पोचते. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ वेळांची उभी थरथर सगळ्यात कमी सोसवते, असं कंपनं मोजण्याचं आयएसओ २६३१ हे मानक सांगतं. कंबर दुखली की सीटच्या गादीला दोष दिला जातो, पण महागड्या गादीने ही थरथर थोडी बोथट होते, इतकंच.

मूर्ती नेणारे चालक हे पुस्तकाशिवाय ओळखून असतात. समजा, तीन किलोच्या शंभर प्लास्टरच्या मूर्ती भरल्या. भार झाला तीनशे किलो. सव्वा टन क्षमतेच्या पिकअपला हा ओझ्याचा भासही होत नाही, पाटे जवळपास रिकाम्या गाडीसारखेच उडतात, आणि सोंडेला किंवा बोटांना तडा जातो तो इथे. शाडूच्या मूर्तींचं वजन जास्त म्हणून गाडी थोडी नरम चालते, पण शाडू ठिसूळ, त्यामुळे तो फायदा पदरात पडत नाही. म्हणून पेंढा भरपूर घालायचा आणि खड्ड्यात वेग कमी करायचा. मागच्या सीटवरच्या सासूबाईंना आणि हौद्यातल्या गणपतीला एकाच पाट्याचा त्रास आहे, फक्त पेंढा एकालाच मिळतो.

यावर गॅरेजात मिळणारे दोन सल्ले मात्र घेऊ नयेत. एक, 'दोन पाटे काढून टाका, मखमल होईल.' होईल, आणि ज्या दिवशी पूर्ण माल भरला जाईल त्या दिवशी गाडी मागे बसेल, पुढची चाकं हलकी होतील आणि ब्रेक-स्टिअरिंगचा भरवसा जाईल. दुसरा, 'हवा कमी ठेवा.' रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे कंपनीनेच दिलेले असतात, बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर. रिकाम्या गाडीचा आकडा रिकाम्या गाडीलाच. कमी हवेवर माल लादला तर टायर तापतो आणि फुटतो.

माहितीपत्रकातल्या पायांच्या जागेच्या आकड्यावर किती विसंबावं? अमेरिकेत अशा गाड्यांना मध्यम आकाराच्या पिकअप म्हणतात आणि तिथले आकडे उघड असतात. २०२४ च्या टोयोटा टॅकोमाची मागची जागा ३३.७ इंच, फोर्ड रेंजरची ३४.६, जीप ग्लॅडिएटरची ३८.३. टोयोटाचीच कोरोला, म्हणजे टॅकोमापेक्षा पुष्कळ छोटी सेडान, ३४.८ इंच देते. गाडी मोठी म्हणजे मागची जागा मोठी, हे समीकरण तिथेही चुकतंच. पण हा आकडा मिळतो तो प्रमाण म्हणून ठरवलेल्या पुतळ्याच्या मापाने, पुढची सीट ठरलेल्या जागी ठेवून. तुमचा चालक सहा फुटी असेल तर त्या इंचांचा उपयोग नाही. आकड्यात पाठीचा कोनही कळत नाही आणि मांडीखालचा आधारही.

'बाहेरून रुंद आहे, तिघं आरामात बसतील,' यालाही फार वेळ देण्याची गरज नाही. हायलक्सची १८५५ मिलिमीटर रुंदी बाहेरच्या पत्र्याची आहे. दारांची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा, मधल्याच्या पायाखालचा उंचवटा मोजा. तिसरा माणूस बसतो, पण तो घरातला सगळ्यात धाकटा असतो.

उंच गाडी म्हाताऱ्या माणसांना सोयीची, ही समजूत मात्र अर्धी खरी असल्यामुळे जास्त फसवते. सीट कमरेच्या उंचीला असेल तर गुडघेदुखीवाल्याला नुसतं सरकून बसता येतं, आणि बऱ्याच लहान एसयूव्हींमध्ये तसं होतं. पिकअपमध्ये आधी जमीन उंच, मग सीट. म्हणजे चढावं लागतं, तेही मागच्या अरुंद दारातून, नऊवारी किंवा साडी सावरत. पायरी आणि दाराच्या खांबावरची मूठ नसेल तर पाटावर उभं राहून चढणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

जागा पुरत नाही म्हटल्यावर पुढचा उपाय तयारच असतो: 'पोरं हौद्यात बसतील.' इथे आरामाचा प्रश्न संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ गाडीच्या पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसून जायला मनाई करतं, आणि मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसं नेण्यावरही नियमांची बंदी आहे. हौद्यात बाकडी ठोकून घेणं म्हणजे नोंदणीतल्या तपशिलाबाहेर गाडी बदलणं, आणि त्यालाही आरटीओची मंजुरी लागते.

विम्याचा गैरसमज याहून महागात जातो. 'विमा आहे ना, मग कुणीही बसो.' मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची सक्ती विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ च्या डिसेंबरात दिला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १४७ मध्ये मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळालं, आणि पुढच्या निकालांत न्यायालयाने ते केबिनमध्ये बसणाऱ्या मालकापुरतं धरलं. म्हणजे मूर्ती न्यायला आलेला मंडळाचा माणूस चालकाशेजारी बसला तर त्याला आधार आहे. मूर्ती धरून हौद्यात बसलेल्या चार कार्यकर्त्यांना नाही. काही प्रकरणांत कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी असे आदेश होतात, पण शेवटी खिसा मालकाचाच.

ही सवय आपलीच आहे असंही नाही. पिकअपचं माहेर म्हणावं अशा थायलंडमध्ये २०१७ च्या एप्रिलात, सोंगक्रान या नववर्षाच्या सणाच्या तोंडावर, सरकारने हौद्यात आणि दीड केबिनच्या मागच्या चिंचोळ्या जागेत माणसं बसवायला बंदी घातली. गावी जाणाऱ्या लोकांनी इतका गदारोळ केला की सरकारला अंमलबजावणी लांबणीवर टाकावी लागली. सणाला गावी जाणारी माणसं आणि गाडीतली जागा यांचं जमत नाही, हे गणपतीत वडखळ नाक्यावर उभं राहिलेल्या कुणालाही कळेल.

'पट्टा पुढच्यांसाठीच असतो' असं अजूनही म्हटलं जातं. पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरही, पट्टा दिलेला असेल तर तो लावणं बंधनकारक आहे. न लावल्यास कलम १९४-बी प्रमाणे एक हजार रुपये दंड. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्या सीटवर, पट्ट्याविना, आणि ती गाडी जगातल्या भक्कम समजल्या जाणाऱ्यांपैकी होती.

राहता राहिलं सामान. डबल केबिनला डिकी नसते, ही गोष्ट घेणाऱ्याला पहिल्या पावसात उमगते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताडपत्रीखालच्या बॅगा फाळक्याच्या फटीतून भिजतात, उन्हाळ्यात त्याच फटीतून धूळ शिरते. मग बॅगा आत येतात, मागच्या सीटच्या पायांशी, आणि आधीच कमी असलेल्या जागेत पोह्याच्या पापडांचे डबे येऊन बसतात. वरून कडक झाकण बसवलं तर बॅगा बऱ्याच कोरड्या राहतात, पण मग दोन फुटांची मूर्ती उभी राहत नाही.

कारखानदार म्हणूनच डबल केबिनच्या नादी सहसा लागत नाहीत. एका केबिनच्या बोलेरो पिकअपला नऊ-दहा फुटांपर्यंतचा हौदा मिळतो, आणि हंगामात एका फेरीत किती मूर्ती गेल्या यावरच सगळं गणित असतं. घरासाठी घेणाऱ्याने मात्र शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर निर्णय करू नये. पुढची सीट स्वतःला लागते तशी लावावी आणि मग तिच्याच मागे स्वतः बसावं. मागच्यांसाठी एसीचा झरोका आहे का, हे बघावं. चाचणीसाठी गाडी मिळाली की हौदा रिकामा ठेवून, मागे घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बसवून नागोठण्याहून भिसे खिंडीमार्गे रोह्याला जाऊन यावं, आणि दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतःही एकदा मागे बसावं. पसंत पडली तर सही करण्याआधी विक्रेत्याला नोंदणी कोणत्या प्रकारात होणार ते विचारावं. पांढरी पाटी की पिवळी, यावर कर, विमा आणि परवाना सगळंच बदलतं, आणि एमएच-०६ चं आरटीओ कार्यालय पेणलाच असल्याने तिथे जाऊन खात्री करायला अर्धा दिवस पुरतो.