चहाने थकवा जात नाही, तो फक्त लपतो

वस्तीतल्या तपासणीत आम्ही प्रत्येकीला पहिला प्रश्न विचारतो, "सकाळपासून काय खाल्लं?" बऱ्याच जणींचे उत्तर ठरलेले असते, "चहा झालाय की." आणखी विचारले की कळते, पाणी भरायच्या आधी एक कप, मुलांचे डबे भरताना दुसरा, कामाच्या घरी गेल्यावर तिसरा. पोटात पहिला घास पडतो तो दुपारी एक-दोन वाजता. हिमोग्लोबिन पाहावे तर आठ किंवा नऊ. जिना चढताना दम लागतो, पायांत गोळे येतात, रात्री झोप येत नाही. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून पुन्हा चहाच घेतला जातो.

भगिनींनो आणि बंधूंनो, चहा सोडा असे सांगायला आम्ही हा लेख लिहिलेला नाही. दारी आलेल्याला चहा विचारणे ही आपल्याकडची रीत आहे. पण चहातले कॅफिन रोज शरीरात जाऊन काय करते, हे आपल्याला माहीत हवे. मग किती प्यायचा, कधी प्यायचा आणि कोणी टाळायचा, हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

कॅफिन करते काय?

आपण जागे असतो, राबत असतो, तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. 'आता थांब, विश्रांती घे' हा निरोप ते मेंदूला देते. कॅफिन हा निरोप पोहोचण्याची जागाच अडवून बसते. म्हणून चहा प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तरतरी वाटते. पण थकवा कुठे गेलेला नसतो. कॅफिनचा जोर ओसरला की तो पुन्हा अंगावर येतो आणि आपण परत पातेले गॅसवर ठेवतो. चहातून थोडीफार ऊर्जा मिळते ती दूध-साखरेची. चहापत्तीत ताकद देणारे काही नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री बारापर्यंत अंगात असते. झोप उशिरा लागते, लागली तरी गाढ लागत नाही. सकाळी अंग जड होते, म्हणून उठल्याउठल्या चहा लागतो. हे चक्र तोडायचे तर शेवटचा चहा दुपारी चारपर्यंत घ्यावा. रात्रपाळी करणाऱ्या वॉचमन, सफाई कामगार आणि आया-नर्स यांनी चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या वेळात घ्यावा. पहाटेचा चहा टाळावा, म्हणजे घरी गेल्यावर झोप लागेल.

किती चालतो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. दीडशे मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, तर फिल्टर कॉफीसारख्या गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. म्हणून धडधाकट माणसाने दिवसाला दोन-तीन कप चहा घेतला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पत्ती जास्त घालून खूप वेळ उकळलेल्या कडक चहात कॅफिन जास्त उतरते, हे लक्षात ठेवावे.

आता तरुण पोरांच्या हातात टपरीवरचे एनर्जी ड्रिंकचे डबे दिसतात. त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठेवायची परवानगी आहे, आणि वर भरपूर साखर असते. लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते घेऊ नये, अशी सूचना डब्यावरच छापलेली असते. ती मुलांना वाचून दाखवा.

जेवणाबरोबरचा चहा रक्त वाढू देत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याची कारणे अनेक आहेत. अपुरे अन्न, पाळीत जास्त रक्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, जंत. चहा हे एकटे कारण नाही, पण तो त्यात भर घालतो.

इथे दोष कॅफिनचा नाही, चहातल्या टॅनिनचा आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह टॅनिन धरून ठेवते आणि ते रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. जेवताना चहा घेतला तर जेवणातून मिळणारे लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकते. म्हणजे पैसे खर्चून आणलेली मेथी पोटात गेली तरी तिचे लोह अंगी लागत नाही. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. मटण, कलेजी, मासे यांतल्या लोहावर चहाचा परिणाम बराच कमी होतो. डाळ-भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवताना आवळा, पेरू खाल्ला तर लोह जास्त शोषले जाते.

आशाताई देतात ती लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. 'गोळ्या खाऊन गुण आला नाही' म्हणणाऱ्या बायांना आम्ही गोळी कशाबरोबर घेता ते विचारतो. थायरॉइडची गोळीही पाण्याबरोबरच घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही.

भूक मारणारा कप

रिकाम्या पोटी गोड, गरम चहा घेतला की भूक दबते. अनेक बाया तेवढ्यासाठीच तो पितात, कारण घरात सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते त्यांच्या वाट्याला येते. पोटात मात्र आम्ल वाढते, छातीत जळजळते, आणि मग त्याला 'पित्त' म्हणून गोळी घेतली जाते. कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीऐवजी चहा पाजून वेळ मारून नेत असतील, तर आपण तेही बोलून दाखवले पाहिजे. चहा म्हणजे जेवण नव्हे.

साखरेचा हिशेबही मांडू. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम. महिन्याला एका माणसामागे सव्वा किलोच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे चांगले मानते. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा हिशेब आजच करा.

गरोदर बाई आणि लेकरे

गरोदरपणात कॅफिन शरीरातून फार हळू बाहेर पडते. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि बाळाला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. जास्त कॅफिनचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे दिवसाला दोन कपांपर्यंतच थांबावे.

लहान मुलांना चहा देऊच नये. चहात बुडवलेले बिस्कीट, खारी, टोस्ट खाऊन मूल गप्प बसते, पण त्याच्या पोटात अन्नाची जागा चहाने घेतलेली असते. त्याऐवजी वरण-भात, अंडे, केळे, दाण्याचा लाडू द्या. अंगणवाडीचा आहार मुलाला मिळतोय की नाही, हे पाहा.

कमी करताना

रोज पाच-सहा कप पिणाऱ्याने एकदम चहा बंद केला तर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. हा त्रास साधारण आठवडाभरात जातो. तो टाळायचा असेल तर दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, म्हणून पाकिटावर वाचून घ्या.

रोज एवढे करा:

१. उठल्यावर आधी पाणी, मग अर्धी भाकरी, मूठभर फुटाणे किंवा दाणे असे काहीतरी खा. चहा त्यानंतर तासाभराने.
२. कप लहान करा, पत्ती आणि साखर कमी घाला.
३. रक्तदाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा घेऊ नका, आकडा वाढलेला दिसतो.
४. छातीत धडधड, हाताला कंप किंवा झोप न येणे असेल तर चहा कमी करून पाहा. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

आणि सतत थकवा असेल तर त्यावर चहा पीत बसू नका. त्यामागे रक्ताची कमी, थायरॉइड, मधुमेह किंवा क्षयही असू शकतो. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून जा, आकडा कागदावर लिहून घ्या, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून तो वाढला का ते पाहा.