परदेशस्थ शिक्षकाचा स्वयंपाक

बुलढाण्याकडील ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला तरुण जपानात अध्यापनास निघाला, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस पहिली चिंता त्याच्या जेवणाची. आणि ती अस्थानी नाही. तेथील निव्वळ भाज्यांच्या दिसणाऱ्या सारातही पुष्कळदा वाळविलेल्या माशांचा अर्क असतो. तथापि ‘कोम्बु’ नामक समुद्रवनस्पतीचाही अर्क तेथे काढतात. त्याच्या रुचीचे मूळ प्रा. इकेदा यांनी १९०८ साली शोधिले. बौद्ध मठांतील पाकपद्धती तर परंपरेने शाकाहारीच आहे. शिवाय जे सोयाबीन आज आपल्या शेतांत पिकते, त्याच्याच दुधापासून केलेले ‘तोफू’ तेथे सर्वत्र मिळते. त्यास हिंग-मोहरीची फोडणी दिली, की भातासोबत उत्तम कालवण होते. तेव्हा पुत्रास पीठ-मसाल्यांची पुडकी अवश्य द्यावीत. परंतु त्याआधी स्वतःचे अन्न स्वतः शिजविण्यास शिकवावे. स्वयंपाक हा केवळ कन्येचा विषय मानणाऱ्या कुटुंबांनी याचा विचार करावा.