390 म्हणजे 390 नव्हे

वडोदऱ्यात दांडिया बाजार असो की अलकापुरी, तरुण मुलांमध्ये बाइकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती सीसी? शर्यतीचं बोलणंही याच आकड्यावर सुरू होतं आणि बहुतेक वेळा याच आकड्यावर चुकतं.

चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी 390 घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) 89 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 60 मिमी. हिशेब मांडला की क्षमता येते 373 सीसी. गाडीवरचा आकडा हे मॉडेलचं नाव आहे. तांत्रिक तपासणीत मोजतात ते बोअर आणि स्ट्रोक.

जास्त सीसीची गाडी आपोआप वरच्या गटात जाते, हाही समज खरा नाही. 2017 ते 2025 या काळात झालेल्या सुपरस्पोर्ट 300 जागतिक स्पर्धेत यामाहाची 321, केटीएमची 373, कावासाकीची 399 आणि होंडाची 471 सीसीची गाडी एकाच गटात धावत होत्या. समतोल साधला जाई तो कमाल आरपीएम आणि किमान वजन बांधून देऊन. 2018 मध्ये स्पेनच्या आना कारास्कोच्या कावासाकी निंजा 400 वर हंगामाच्या मध्यात हे निर्बंध आणखी कडक झाले. तरीही एका गुणाच्या फरकाने विजेतेपद तिनेच मिळवलं. एकट्याने चालवायच्या मोटरसायकलींच्या रोड रेसिंगमध्ये जागतिक विजेती ठरलेली ती पहिली स्त्री. तिचं यश फक्त मोठ्या इंजिनाच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘होमोलोगेशन’चा. आपल्याकडे हा शब्द ऐकला की पुण्याची वाहन-चाचणी संस्था एआरएआय आठवते. पण तिथली मंजुरी गाडी रस्त्यावर आणण्यासाठी असते: धूर, ब्रेक, दिवे, आवाज. शर्यतीचं होमोलोगेशन वेगळं. जागतिक पातळीवर ते मोटरसायकल शर्यतींची संघटना एफआयएम देते आणि प्रश्नही वेगळा विचारते: ही गाडी खरोखर विक्रीसाठी बनली आहे का, आणि पुरेशा संख्येने? आरसी 390 वर आधारलेली आरसी 390 आर 2018 मध्ये अवघ्या 500 गाड्यांपुरती काढली गेली, ती याच अटीसाठी. वडोदऱ्याशेजारच्या हालोलमध्ये हीरोचा कारखाना वर्षाला लाखोंनी गाड्या काढतो. त्या मानाने 500 काहीच नाहीत. तरी ही अट मला मोलाची वाटते. तिच्यामुळेच जिंकणारी गाडी आणि दुकानातली गाडी यांचं नातं टिकतं. 2023 मध्ये जेफ्री बाउसने याच आर गाडीवर सुपरस्पोर्ट 300 चं जागतिक विजेतेपद मिळवलं.

नियम गाडीचा आकार कसा ठरवतात, ते डुकाटीत स्पष्ट दिसतं. रस्त्यावरची पानिगाले व्ही4 1103 सीसीची, पण सुपरबाइक जागतिक स्पर्धेत चार सिलिंडरला मर्यादा 1000 सीसीची. म्हणून व्ही4 आर आली. बोअर तोच 81 मिमी; स्ट्रोक मात्र 53.5 वरून 48.4 मिमी, क्षमता 998 सीसी. स्ट्रोक आखूड झाल्याने इंजिन जास्त आरपीएम घेऊ लागलं. 2019 मध्ये अल्वारो बाउतिस्ताने तिच्यावर हंगामातल्या पहिल्या 11 शर्यती ओळीने जिंकल्या, आणि त्या मालिकेच्या मध्येच डुकाटीची आरपीएम मर्यादा 250 ने खाली आणली गेली.

350 सीसीची रेषा शर्यतीची आहे असंही काही जण समजतात. ती करांची आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंत 18 टक्के जीएसटी, त्यापुढे 40 टक्के. राष्ट्रीय स्पर्धेत 301 ते 400 सीसीचा अख्खा एक गट असतो, त्यात टीव्हीएसची 312 सीसीची आरआर 310 सुद्धा धावते.

आता गॅरेजमधलं बोअर-किट. आरसी 390 चा बोअर फक्त 1 मिमीने वाढवला तरी क्षमता 373 वरून जवळपास 382 सीसी होते. गटाची मर्यादा 400 आहे, मग काय बिघडलं, असं वाटेल. पण प्रॉडक्शन गटात कंपनीने ठरवलेला बोअर आणि स्ट्रोक तसाच राहावा लागतो. शर्यतीनंतर इंजिन उघडून मोजलं जातं आणि फरक निघाला तर निकाल जातो. रस्त्यावरही असा बदल आरसी बुकातल्या नोंदीशी जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याला मनाई करतं.

बदल अजिबात चालत नाहीत असं मात्र नाही. आरसे आणि दिवे तर काढावेच लागतात. सायलेन्सर, सस्पेन्शन, ब्रेक पॅड यांत किती मोकळीक आहे ते गटागटानुसार ठरतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर उतरायचं मनात असेल, तर किटवर पैसे घालण्याआधी आपल्या गटाचं त्या वर्षीचं नियमपत्रक मागवून घ्या. त्यात ज्या भागाचं नाव नाही, त्याला हात लावता येत नाही.